स्टेजवरच्या साहेबांनो, आधी पोरांची बिलं काढा

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सोडून द्या. पण घरात धंद्यात पडलेलं किंवा पडू पाहणारं पोरगं असेल तर मात्र वाचाच.

१६ जानेवारी म्हणजे राष्ट्रीय स्टार्टअप दिन. २०१६ मध्ये याच तारखेला 'स्टार्टअप इंडिया' सुरू झालं होतं. आता ही जत्रा आमच्यासारख्या गावातही भरते. यंदाही भरली. शाल-श्रीफळ झालं, दीपप्रज्वलन झालं, पुण्याहून वक्ते आले. बातमीसाठी मी शेवटपर्यंत बसून होतो. मोठी स्वप्नं बघा, अपयशाला घाबरू नका, पिच डेक असा करा, व्हॅल्युएशन असं काढा, युनिकॉर्न म्हणजे काय... सगळं झालं. अडीच तासांत एक शब्द मात्र कुणाच्याही तोंडून निघाला नाही. उधारी.

आमच्याकडची पोरं आयडिया नाही म्हणून बुडत नाहीत. फंडिंग मिळालं नाही म्हणूनही फार कमी बुडतात. माल दिला, काम केलं, बिल दिलं, आणि पैसे आले नाहीत, म्हणून बुडतात. वीस वर्षं या गावात बातमीदारी करतोय. बंद पडलेल्या शटरमागे बहुतेक वेळा हीच गोष्ट सापडते. आणि पैसे अडकवणारे कोण? नगरपालिका, शिक्षणसंस्था, कारखाना, मोठा ठेकेदार. म्हणजे त्या दिवशी स्टेजवर पहिल्या रांगेत जे बसले होते, जवळपास तेच.

एका पोराचं सांगतो. नाव सांगणार नाही, त्याला अजून याच गावात राहायचंय. इंजिनिअरिंग झाल्यावर त्यानं पाण्याच्या टाकीवर बसवायचं यंत्र बनवलं. टाकी किती भरली ते मोबाईलवर दिसतं, भरली की मोटर आपोआप बंद होते. साधी गोष्ट, पण ज्या गावात रात्री दोनला टाकी ओसंडून गटारात पाणी जातं, तिथं लाखमोलाची. एका पालिकेनं ऑर्डर दिली. सहा लाखांचं काम. यंत्रं बसली, चालू झाली, उद्घाटनाचे फोटो छापून आले. (आमच्याही पेपरात आले.) बिल गेलं टेबलावर. तिथून हेलपाटे सुरू. आज साहेब मीटिंगला, उद्या लेखा विभागात फाईल नाही, परवा तरतूद संपली, मग आचारसंहिता.

आता यातली खरी गंमत ऐका. सहा लाखांच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. हा कर पैसे हातात आल्यावर नाही, बिल केल्यावर लागतो. मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरावाच लागतो. उशीर झाला तर वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज. म्हणजे सरकारच्या एका हाताकडून सहा लाख यायचेत, आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या हातानं पोराच्या खिशातून एक लाख आठ हजार आधीच काढून घेतले. पोरानं ते आणले कुठून? आईचे दागिने पतसंस्थेत ठेवून. सोबतची दोन पोरं पगार थकल्यावर चाकणला निघून गेली. पिच डेकच्या कुठल्या पानावर हे लिहायचं?

यावर कायदा नाही असं नाही. चांगला कडक कायदा आहे, २००६ चा, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करारात नव्वद दिवस लिहिले तरी चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' नावाचं पोर्टल सुरू झालं. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते आणि तिनं ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदाच म्हणतो. निकाल विरोधात गेला तर पैसे बुडवणाऱ्याला कोर्टात जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. यातलं एक अक्षर त्या अडीच तासांत सांगितलं असतं तरी पोरांच्या येण्याजाण्याचं पेट्रोल वसूल झालं असतं.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. आमच्याकडे एजंट तिचेही पैसे घेतात. आणि ती माल देण्याआधी करायची, पैसे अडकल्यावर नाही. नंतरच्या नोंदणीनं आधीच्या बिलाला संरक्षण मिळत नाही, हे अनेकांना वकिलाकडे गेल्यावर कळतं.

केंद्रानं आणखी एक पाचर मारली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ४५ दिवसांच्या मुदतीत लघुउद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा धरला जात नाही. त्या वर्षी मार्च आला तशी आमच्या एमआयडीसीत चेक फाडायची धावपळ मी डोळ्यांनी पाहिली. पण ही पाचर कुणाला लागते? जो आयकर भरतो त्याला. नगरपालिका आयकर भरते का? नाही. जिल्हा परिषद? नाही. म्हणजे खासगी कारखानदाराला चाप बसला आणि सगळ्यात मोठा उधारखोर मोकळाच राहिला.

मग पोरगा तक्रार का करत नाही, असं विचारणारे एसीत बसलेले असतात. तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. शिवाय गावात पसरतं, 'तो कोर्टकचेऱ्या करतो, त्याला काम देऊ नका.' पाण्यात राहून माशाशी वैर करायला पोराकडे दुसरं तळं कुठंय?

तुलना करून बघा. उसाची एफआरपी १४ दिवसांत द्यावी, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या आदेशात आहे. तो पूर्ण पाळला जातो असं कुणीच म्हणणार नाही. पण थकली की रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे पडतात, काटे बंद होतात, पुण्यात साखर आयुक्तालयावर मोर्चा जातो. दूध घालणाऱ्याचंही दहा दिवसांचं बिल चुकलं तर संघाच्या दारात गर्दी होते. त्यांच्यामागे संघटना आहे. आमच्या स्टार्टअपवाल्यामागे काय आहे? एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर सकाळी सुविचार.

'मोठे व्हा' म्हणून ज्यांची नावं घेतली गेली, त्यांचंही जरा नीट बघू. बायजूज. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर किंमत लावली होती. टीम इंडियाच्या छातीवर नाव. २०२४ च्या जुलैत हीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि कुणाच्या अर्जावर? क्रिकेट मंडळाच्या. प्रायोजकत्वाचे १५८ कोटी थकले म्हणून. म्हणजे थकलेलं बिल घेऊन दारात उभं राहिलं की केवढा डोलारा हलतो बघा. पण क्रिकेट मंडळाला जो दरवाजा उघडला तो आमच्या पोराला बंद आहे. २०२० मध्ये या कायद्याखाली अर्जाची किमान थकबाकी एक लाखावरून थेट एक कोटी केली. आणि पालिका काही कंपनी नाही, तिच्यावर तर तो लागतच नाही.

उलट उदाहरण आपल्याच मातीतलं आहे, ते मात्र कुणी सांगितलं नाही. क्विक हीलचे कैलाश काटकर. सातारा जिल्ह्यातले रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात. मग कॉम्प्युटर दुरुस्ती, मग भाऊ संजय यांनी लिहिलेला अँटिव्हायरस. बाहेरच्या मोठ्या गुंतवणूकदाराचे साठ कोटी आले ते २०१० मध्ये. २०१६ ला शेअर बाजारात. म्हणजे पहिली कितीतरी वर्षं ग्राहकाच्या पैशावर काढली. दुरुस्तीचा धंदा कसा असतो? मशीन नीट झालं, पैसे द्या, मशीन न्या. अँटिव्हायरसचं तर त्याहून भारी, आधी पैसे आणि मग वर्षभर सेवा. मला विचाराल तर नव्या पोरानं त्यांच्याकडून जिद्द वगैरे शिकण्याआधी हे शिकावं. हे गणित ज्या धंद्यात बसत नाही, तिथं निदान निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

काही मित्र म्हणतील, पालिकेकडेच पैसे नसतात हो. मग ऑर्डर का देता? तरतूद नसताना कामाचा आदेश काढणं हे पोराच्या आईच्या दागिन्यांवर गाव चालवणं आहे. आणि पैसे नसतात म्हणता, तर मोठ्या ठेकेदाराचं रस्त्याचं बिल मार्च संपायच्या आत कसं निघतं? टक्केवारीचा शब्द मी लिहीत नाही, तुम्हाला कळला.

पुढच्या वर्षी ज्यांना स्टेजवर बसायचंय त्यांनी येताना एक कागद आणावा. आपल्या संस्थेकडे लघुउद्योजकांची ४५ दिवसांवरची किती बिलं बाकी आहेत, तेवढाच. तो वाचून दाखवा, मग स्वप्नांवर बोला, आम्ही टाळ्याही वाजवू.

तोवर थांबायचं कशाला? गेल्या सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचं तिकीट लावून. गेल्या तीन आर्थिक वर्षांत उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादारांची किती बिलं आली, प्रत्येक बिल किती दिवसांनी निघालं, आणि उशिराबद्दल एकालाही व्याज दिलं का. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. ज्यांची बिलं अडकलीत त्यांनी बिलाची तारीख आणि रक्कम इनबॉक्सात पाठवा. नाव कुठंही येणार नाही.