देह गरिबाचा, औषध कोणाचे?

या देशात होऊ घातलेल्या औषधचाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली ती २० जुलै २००७ रोजी उघडण्यात आली. १५ जून २००९ पासून तीत नोंद करणे बंधनकारक झाले आणि १ एप्रिल २०१८ पासून, चाचणीत पहिला माणूस घेण्यापूर्वीच नोंद झाली पाहिजे, असा दंडक आला. कर्करोग, मधुमेह, क्षय, हृदयविकार अशा कोणत्या रोगावर, कोणत्या शहरी, कोणत्या रुग्णालयात, किती माणसांवर आणि कोणाच्या पैशाने प्रयोग व्हायचा आहे, हे तीत पाहता येते. वरवर पाहता ही एक रुक्ष कारकुनी यादी आहे. परंतु राष्ट्राच्या आर्थिक जीवनाकडे पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ती उद्याच्या नियोजनाचा आराखडा वाटल्यावाचून राहणार नाही. कोणत्या व्याधीवर उद्या औषध मिळावे आणि कोणती व्याधी तशीच कुजत राहावी, याचा निर्णय या यादीत आजच झालेला असतो. हा निर्णय कोणत्याही विधिमंडळात झालेला नसतो. बहुतांशी तो ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांनी केलेला असतो. आणि ज्यांच्या देहावर तो अमलात यायचा, त्या बहुसंख्य माणसांना ती इंग्रजी नोंदवही वाचताही येत नाही.

औषधचाचण्यांचा विषय निघाला की दोन टोकाच्या भूमिका हटकून पुढे येतात. आपल्या गरिबांना प्रयोगशाळेतले उंदीर केले जात आहे, तेव्हा हे सारे बंद करा, असे एक पक्ष म्हणतो. विज्ञानाच्या वाटेत कायद्याची कुंपणे घालू नका, असे दुसरा बजावतो. दोन्ही भूमिका अर्ध्या सत्यावर उभ्या आहेत. चाचणीवाचून औषध नाही, हे मान्य केलेच पाहिजे. न पारखलेले औषध बाजारात येणे म्हणजे साऱ्या समाजावरच संमतीविना आणि नोंदीविना प्रयोग करणे होय. खरा प्रश्न चाचणी असावी की नसावी हा नाही. ती कोणाच्या गरजेतून निघते, तिचा धोका कोण पत्करतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा आहे.

आधुनिक औषधचाचणीचा इतिहासच या दृष्टीने बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनपाशी डॉलरची टंचाई होती. त्यामुळे अमेरिकेतून येणारे स्ट्रेप्टोमायसिन थोडे आणि क्षयरोगी अगणित अशी अवस्था होती. अशा वेळी तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनुसार १०७ रुग्णांची निवळ यदृच्छेने वाटणी केली. ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगाला चाचणीची पद्धत दिली. दुर्मिळ वस्तू कोणाला मिळावी हे खिशातील पैशाने किंवा वशिल्याने ठरले नाही. ते चिठ्ठीने ठरले, हे त्या प्रयोगाचे वैज्ञानिक वैशिष्ट्य होते तसेच नैतिकही होते.

याहून मोलाचा धडा खुद्द भारतात गिरवला गेला. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरील रसायनोपचारांचे केंद्र निघाले. मद्रास सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद या त्याच्या कर्त्या संस्था. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवून सकस अन्न व पूर्ण विश्रांती दिलीच पाहिजे, की त्याच्या दाटीवाटीच्या घरी राहूनही तो औषधांनी बरा होऊ शकतो, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. १९३ गरीब रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. घरचा उपचार सॅनिटोरियमच्या तोडीचा ठरला आणि घरच्या माणसांना त्यामुळे संसर्गाचा अधिक धोका होतो असेही पुढील पाहणीत आढळले नाही. लक्षावधी खाटा बांधण्याची ऐपत नसलेल्या देशांना या निष्कर्षाने मार्ग दाखवला. हा प्रश्न कोणत्याही कंपनीने विचारला नसता, कारण त्याच्या उत्तरात कोणाचाही नफा नव्हता. तो गरिबांच्या गरजेतून निघाला, गरिबांनी त्यासाठी देह दिला आणि फळही गरिबांनाच मिळाले. औषधचाचणी कशी असावी, याचा मानदंड म्हणून मद्रासकडे बोट दाखवता येते.

पुढे हा मानदंड मागे पडला. १९८८च्या नियमांनुसार परदेशी औषधाची चाचणी येथे एक टप्पा मागून करावी लागे. परदेशात एक टप्पा पार पडल्याखेरीज तो येथील माणसांवर करता येत नसे. जानेवारी २००५ मध्ये हे बंधन उठले आणि परदेशाच्या बरोबरीने येथेही चाचण्या करण्यास मुभा मिळाली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून औषधांवर वस्तूचे पेटंट पुन्हा लागू झाले. १९७०च्या पेटंट कायद्याने केवळ प्रक्रियेला पेटंट देऊन स्वस्त औषधांचा जो उद्योग या देशात उभा केला होता, त्याचा पायाच त्यामुळे आक्रसला. या दोन निर्णयांकडे सुटे सुटे पाहणे ही आत्मवंचना ठरेल. एका दाराने भारतीय रुग्णाचा देह जागतिक भांडवलाला खुला झाला. दुसऱ्या दाराने त्याच देहावर सिद्ध झालेले औषध त्याच्या आवाक्याबाहेर नेण्याची सोय झाली.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधद्रव्यांच्या चाचण्यांत २६४४ माणसे मृत्यू पावली, अशी कबुली केंद्र सरकारने २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात दिली. त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे सांगण्यात आले. चाचणीत येणारे पुष्कळ जण मुळातच गंभीर आजारी असतात, तेव्हा प्रत्येक मृत्यूचे खापर औषधावर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु कोणता मृत्यू औषधाचा आणि कोणता रोगाचा, हे आधी ठरवायचे ते चाचणीसाठी मोबदला घेणाऱ्यांनीच, या व्यवस्थेवर विश्वास कसा बसावा?

खम्मम आणि वडोदरा येथील प्रकरण या संदर्भात विसरता येत नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदऱ्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लशीचा प्रकल्प राबवला. १० ते १४ वर्षांच्या सुमारे २४ हजार मुलींना लस टोचण्यात आली. खम्ममला त्यांत अनेक आदिवासी मुली होत्या आणि कित्येक वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात साऱ्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. त्या लशीची उपयुक्तता आज जगभर मान्य आहे. म्हणूनच ही घटना अधिक क्लेशकारक ठरते. चांगले औषध वाईट मार्गाने आणले की लोकांचा औषधावरचा विश्वासही उडतो, आणि त्याची किंमत पुन्हा गरिबांच्या मुलीच मोजतात.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर शासनाला जाग आली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने नव्या औषधद्रव्यांच्या चाचण्यांवर आरोग्य सचिवांची देखरेख ठेवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस नुकसानभरपाईचा नियम झाला, पुढे संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आले आणि १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांचे स्वतंत्र नियम लागू झाले. नीतिसमितीत निम्मे सभासद संस्थेबाहेरचे हवेत, एक तरी सामान्य नागरिक हवा, एक तरी स्त्री हवी, अशी त्यांतील बंधने स्वागतार्ह आहेत. पण त्याच नियमांत एक विलक्षण तरतूद आहे. भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीचा अर्ज आला आणि कामकाजाच्या तीस दिवसांत नियंत्रकाने उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे समजायचे. निरक्षर रुग्णाकडून अंगठा घ्यायचा, साक्षीदार उभा करायचा, आणि लोकांचा पालक म्हणवणाऱ्या शासनाचे मौन मात्र संमती मानायचे, हा उफराटा न्याय आहे.

नुकसानभरपाईचे सूत्र तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. आठ लाख रुपये ही आधाररक्कम. तिला वयाच्या आणि धोक्याच्या गुणकांनी गुणायचे. त्यानुसार मृत्यूची भरपाई ४ लाखांपासून ७३ लाख ६० हजारांपर्यंत जाते. तीस दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता नव्वद टक्के वा अधिक असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती २ लाख ठरते. यातील वयाचे गुणक १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून घेतलेले आहेत. मृताच्या मिळकतीचा विचार सूत्रात नाही, म्हणजे मजुराचा जीव आणि मालकाचा जीव येथे एकाच तराजूत तोलला जातो, ही त्याची जमेची बाजू. आधाररक्कम महागाईशी जोडलेली नाही, हे त्याचे वैगुण्य. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कामगार कायद्याचा आधार घेऊन शासनाने नकळत मान्य केले आहे की चाचणीत देह देणे हे एक प्रकारचे श्रम आहेत. धोक्याचे, पण मूल्य निर्माण करणारे श्रम. तसे असेल तर अपघाताच्या भरपाईवर हिशेब मिटत नाही. श्रमिकाचा वाटा त्याच्या मरणातच तेवढा मोजायचा आणि त्याने निर्माण केलेल्या संपत्तीत मोजायचाच नाही, ही भांडवलशाहीची जुनीच रीत झाली.

आजचे नियम या वाट्याबाबत जवळजवळ मुके आहेत. दुसरा पर्याय नसेल आणि डॉक्टर व नीतिसमिती यांनी मान्य केले, तर चाचणी संपल्यावर त्या रुग्णापुरते औषध विनामूल्य मिळू शकते. परंतु त्याच्या शेजाऱ्याचे काय? बहुविध औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाची कथा येथे आठवते. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांतील रुग्णांवर ते पारखले गेले आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मूळ पेटंटची मुदत २०२३ मध्ये संपत असता कंपनीने क्षाररूपावरील दुसऱ्या पेटंटने ती लांबवण्याचा प्रयत्न केला. त्याला भारतात हरकत घेणाऱ्यांत क्षयातून उठलेल्या दोन स्त्रिया होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. हा विजय मोठा आहे. पण जो हक्क चाचणीच्या करारातच लिहिला जायला हवा होता, तो मिळवण्यासाठी रुग्णांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, ही व्यवस्थेची नामुष्की आहे.

हे सारे आज सांगण्याचे कारण जवळचे आहे. माणसावर औषध प्रथमच वापरून पाहणे, म्हणजे चाचणीचा पहिला टप्पा, येथेच पार पाडण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार संस्थांचे जाळे उभारले आहे. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात आहेत: मुंबई महापालिकेचे केईएम रुग्णालय आणि नवी मुंबईचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र. ऑगस्ट २०२४ मध्ये चार प्रस्तावांसाठी खाजगी कंपन्यांशी करार जाहीर झाले. मज्जापेशींच्या कर्करोगावरील औषध, झिका विषाणूवरील लस, इन्फ्लुएंझावरील लस आणि रक्ताच्या एका कर्करोगावरील पेशीउपचार, असे ते प्रस्ताव. सार्वजनिक संस्था आणि देशी संशोधन यांचा हा योग निश्चितच आशादायक आहे. पण रुग्णालय करदात्याचे, डॉक्टरांचे शिक्षण करदात्याच्या पैशावर झालेले, देह सामान्य माणसाचा, आणि औषधाची किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र एकट्या कंपनीचा, असे होऊ देता कामा नये. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयात विकसित झालेला पेशीउपचार परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. तरीही लाखांच्या घरातील त्याची किंमत कामगाराच्या घराला झेपत नाही, हेही विसरू नये.

म्हणून चार मागण्या लावून धरल्या पाहिजेत. पहिली, चाचणीचे औषध यशस्वी झाल्यास ते येथे कोणत्या किमतीला आणि किती दिवसांत मिळेल, हे नोंदवहीतच आधी लिहिलेले असावे. दुसरी, सार्वजनिक रुग्णालयांनी कंपन्यांशी केलेले करार प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांत किमतीची मर्यादा असावी. तिसरी, निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ठराविक मुदतीत ते उघड व्हावेत आणि नोंदवही लोकांच्या भाषेत यावी. चौथी, ज्या प्रश्नांत नफा नाही, असे प्रश्न विचारण्यासाठी, क्षय, सर्पदंश, सिकलसेल यांसारख्या गरिबांच्या व्याधींसाठी, शासनाने स्वतःच्या पैशाने चाचण्या कराव्यात. यांतली एकही मागणी विज्ञानाच्या आड येणारी नाही.

पोटाची भ्रांत असलेल्या माणसाची संमती कधीच पूर्णपणे स्वतंत्र नसते. ती भ्रांत नाहीशी करणे हे दीर्घ पल्ल्याचे काम आहे. तोवर निदान एवढा तरी दंडक पाळला जावा की ज्या वस्तीतून माणसे चाचणीसाठी येतात, त्या वस्तीपर्यंत औषध पोहोचलेच पाहिजे. १९५६ साली दरिद्री भारताला हे मद्रासमध्ये साधले होते. आजच्या भारताला ते मुंबईत साधणार नसेल, तर उणीव पैशाची नाही, इच्छेची आहे; आणि ती इच्छा निर्माण करण्याचे काम संघटित जनतेलाच करावे लागेल.