हाड, हाडु आणि हाडाचा गवई

मराठीत हाड म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. कानडीत 'हाडु' म्हणजे गाणे. आणि समोरच्याला 'गा' अशी आज्ञा करावयाची असली तरीही 'हाडु'च. आपल्या मराठीतही 'गाणे' हा एकच शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही गाद्या सांभाळतो, तेव्हा त्यात नवल नाही. नवल आहे ते या दोन शब्दांच्या आवाजाचे. कानडीतला शेवटचा उकार फार ऱ्हस्व. तो ओठांतल्या ओठांत राहिला की हाड आणि हाडु यांत आपल्या कानाला फरक उरत नाही. शहापुरात गाणे शिकवणाऱ्या माणसाला हा अनुभव आठवड्यातून दोनदा तरी येतो. कानडी घरातली मुलगी शेजारच्या मैत्रिणीला कौतुकाने 'हाडु' म्हणते, आणि मराठी घरातली चार पोरे फिदीफिदी हसतात. त्यांना हाड आठवते, किंवा दारातल्या कुत्र्याला हाकलताना आजी म्हणते ते 'हाड् हाड्' आठवते.

हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषेतल्या अशा आडवळणांवर हसू आले नाही तर ते मूलच कसले? तक्रार आहे ती मोठ्यांच्या तर्कशास्त्राबद्दल. आमच्या पेठेत असा एक वर्ग आहे की, ज्याला कानडी शब्द मराठीसारखा ऐकू आला रे आला की तो मूळचा मराठीच असल्याचा साक्षात्कार होतो. तितकाच उत्साही वर्ग दुसऱ्या बाजूलाही आहे. त्याच्या मते मराठीतला प्रत्येक शब्द कानडीतून उचललेला. दोघांचाही पुरावा एकच: ऐका, सारखे लागते की नाही! याच पुराव्यावर इंग्रजीलाही ओढावयाचे ठरवले तर सोय आहेच. बेळगावच्या कॅम्पातला गोरा शिपाई 'हार्ड' म्हणताना रकार गिळून टाकी. हाड कठीण असते, हार्ड म्हणजे कठीण. लागलीच नाते जुळले! परंतु इंग्रजी शब्द जर्मानिक कुळातला, त्याचा ग्रीकमधल्या 'क्रातोस' म्हणजे सामर्थ्य या शब्दाशी संबंध लावतात, आणि आपले हाड आले प्राकृतातल्या 'हड्ड' या शब्दावरून. हिंदीतले हाड आणि हड्डी, गुजरातीतले हाड ही त्याची सख्खी भावंडे. कुत्र्याला हाकलण्याचे 'हाड्' तर या घरातलेही नव्हे. तो नुसता तोंडाने काढलेला आवाज, ज्यावरून 'हाडहूड करणे' आले. म्हणजे एकट्या मराठीतच दोन हाडे आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

आता कानडी हाडु. याचे जुने रूप 'पाडु'. जुन्या कानडीत शब्दाच्या आरंभी जेथे पकार होता, तेथे पुढच्या काळात हळूहळू हकार आला. साधारण हजार वर्षांपूर्वी हा पालट सुरू झाला आणि काही शतकांत भाषाभर पसरला. तमिळने पकार ठेवला, म्हणून तुलना करणे सोपे जाते. तमिळ पाडु, कानडी हाडु. तमिळ पाल, कानडी हालु, म्हणजे दूध. तमिळ पुलि, कानडी हुलि, म्हणजे वाघ. तमिळ पत्तु, कानडी हत्तु, म्हणजे दहा. आपल्या आसपासच्या गावांच्या नावांत जी 'हळ्ळी' दिसते तीही मूळची 'पळ्ळी'. एक दोन नव्हे, शब्दांची अशी रांगच उभी राहते आणि सर्व शब्द एकाच नियमाने चालतात. याला पुरावा म्हणतात. आवाज सारखा लागणे हा पुरावा नव्हे. आवाज नियमाने वेगळा होणे हा पुरावा. तमिळ पाडु आणि कानडी हाडु ऐकावयास वेगळे, पण रक्ताचे. हाड आणि हाडु ऐकावयास जुळे, पण त्यांच्या पिढ्यांत कोठे सोयरीक नाही.

गाण्यातल्या माणसाला हे पटावयास अडचण पडू नये. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. पेटीवर ओळीने वाजवले तर कोणता कोणता हे सांगता यावयाचे नाही. पण भूप कल्याणाच्या घरचा आणि देशकार बिलावलाच्या; एकाचा जीव गंधारावर, दुसऱ्याचा धैवतावर; एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. स्वर सारखे म्हणून दोन्ही एकच असे म्हणणाऱ्याला आपण गाणे कळते असे म्हणत नाही. याच्या उलट दाखलाही आहे. कर्नाटक पद्धतीतला हिंदोळम् आपल्या हिंदोलासारखा असेल असे समजून ऐकावयास बसावे तर समोर उभा राहतो आपला मालकंस! तेथे नाव एकाच मुळाचे, पण वस्तू निराळी. आणि आपला भूप तिकडे मोहनम् नावाने सुखाने नांदतो. नावावरून नाते ठरवावयाचे नाही, हा धडा संगीताने आपल्याला केव्हाचा देऊन ठेवला आहे.

अशा जोड्या आमच्या गावात पावलोपावली आहेत. कानडीत 'कायि' म्हणजे कच्चे फळ, नारळसुद्धा. त्यामुळे बाजारात 'काय?' असे विचारणाऱ्या मराठी गिऱ्हाइकापुढे कानडी बाईने नारळ धरला तर तिची चूक नाही. 'बा' म्हणजे कानडीत 'ये', आपल्याकडे बाप, आणि गुजरात्यांकडे आई. शहापूर हे विणकरांचे गाव, तेव्हा आणखी एक सांगतो. कानडीत 'हत्ति' म्हणजे कापूस. तोही मूळचा पकाराचाच, जुन्या कानडीत 'पर्ति'. आपला हत्ती संस्कृत 'हस्तिन्'चा, म्हणजे सोंडरूपी हात असलेला. कानडी हत्तीला म्हणतात 'आने', आणि आपले आणे रुपयाला सोळा मिळत! कापसाच्या गाठीला हत्ती म्हणणाऱ्या गावात राहून ज्याला शब्दांची गंमत कळली नाही, त्याला काय म्हणावे?

असो. गमतीपुरते असते तर एवढी शाई खर्च केली नसती. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि हाकेच्या अंतरावरचे बेळगाव इंग्रजी अमलात. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ च्या पुनर्रचनेत आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. या वादात मराठी माणसाचे दुःख खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. आपल्या भाषेतला कागद कचेरीत मागण्याचा हक्क हा व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी माणसे राहतात, एवढे त्याला पुरे आहे. म्हणूनच शब्दांची मुळे उकरून गावांवर ताबा सांगण्याचा जो खेळ दोन्ही बाजूंनी चालतो, तो मला घातक वाटतो. खोट्या साक्षीदाराने खरा दावाही बुडतो.

आणि या खेळाची झळ माझ्या वर्गापर्यंत येते. मागे एका पालकांनी मला गाठून सांगितले, "मास्तर, पोरांना गाणी शिकवा, हाडं नकोत." कानडी वचन शिकवतो याचा त्यांना राग. दुसऱ्या एका समारंभात माझ्या विद्यार्थिनीने मराठी पद सुरू करताच संयोजकांपैकी एकाने येऊन कानात सांगितले की, दुसरे काही म्हणावे. मुलगी मधेच थांबली. तिच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या भाषेतले होते हे त्यांनी मला सांगावे.

माझे वडील संस्थानी गवई. दरबार कागदावरून गेला तरी वाड्यातल्या गणेशोत्सवात त्यांची सेवा पुष्कळ वर्षे रुजू होत असे. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते म्हणत की, ज्या सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, तिची पहिली घंटा कानडी मुलखातून आलेल्यांनी वाजवली. त्यात अतिशयोक्ती थोडीच. भागवत मंडळींचे कानडी खेळ सांगलीकरांनी पाहिले, तसे मराठीत करा असे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगितले, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. त्याच वर्षी अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते गुर्लहोसूरला, याच बेळगाव जिल्ह्यात. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर चाल छापलेली असे. त्यांत कानडी पदांच्या चालीही आहेत. ज्या नाट्यपदांवर आपली जुनी घराणी आजही मान डोलावतात, त्यांतली कित्येक म्हणजे मराठी कुडी ल्यालेले हाडुच. आणि सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळीमठ या कानडी घरच्या मुलाला आपण कुमार गंधर्व म्हणून डोक्यावर घेतले, तेव्हा त्याच्या मातृभाषेची चौकशी केली होती काय? मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेस नीलकंठबुवांकडे शिकले आणि पुढे त्यांनी वचने गायिली. त्या वचनांत ग्वाल्हेरची तालीम ऐकू येते ती काय मराठी, की कानडी?

मराठीत 'हाडाचा गवई' म्हणतात. ज्याचे गाणे वरवरचे नाही, आत मुरलेले आहे, तो. हा वाक्प्रचार हाडुवरून आला असे कोणी चतुर माणूस उद्या म्हणेल. आलेला नाही. 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा शेतकरी' असेही आपण म्हणतोच. पण या सीमेवरच्या मुलाला तो शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू यावा, आणि दोन्ही अर्थ निरनिराळ्या घरचे आहेत हेही त्याला ठाऊक असावे, एवढी माझी अपेक्षा आहे. त्यासाठी त्याने कानडी लिपी शिकली पाहिजे. लिपी आली की हाडु आणि हाड यांतला उकार डोळ्यांना दिसतो. कानाला चुकवणारा स्वर डोळा पकडतो. घरी मराठी पक्की असलेल्या मुलाची मराठी कानडी बाराखडीने झिजत नाही. झिजत असेल तर घरात मराठी पुस्तक किती दिवसांत उघडले नाही ते आधी पाहावे.

येत्या सहामाहीत वर्गात प्रत्येकाने एक मराठी अभंग आणि एक कानडी वचन बसवावे असे मी ठरवले आहे. वचन मराठी घरच्यांनी म्हणावयाचे, अभंग कानडी घरच्यांनी. शब्दाचा अर्थ सांगता आल्याशिवाय तंबोऱ्याला हात लावू देणार नाही. त्या पालकांनाही निरोप दिला आहे. त्यांचा मुलगा आवाजाचा गोड आहे, आणि त्याला अक्कमहादेवीचे वचन द्यावे असे माझ्या मनात आहे.