सुटका वाटली, म्हणून पाप नव्हे

घरातले वडीलधारे माणूस अचानक गेले की घर हादरते. परंतु कर्करोगासारख्या असाध्य दुखण्याने वर्ष-दीड वर्ष अंथरुणाला खिळलेले आई किंवा वडील जातात, तेव्हा दुःखाबरोबर आणखी एक भावना येते. शेजारी म्हणतात, "सुटले बिचारे." मुलाच्या आणि सुनेच्या मनात मात्र "आपणही सुटलो" असे येऊन जाते, आणि त्या क्षणापासून मन खाऊ लागते. ही बोच पुष्कळजण वर्षानुवर्षे कोणाजवळ बोलत नाहीत.

बंधुभगिनींनो, हे पाप नव्हे. समजून-उमजून, स्वेच्छेने केलेले ते पाप. रात्र रात्र जागून, कूस बदलून देऊन, दिवसा पुन्हा शेतावर जाऊन थकलेल्या शरीराने टाकलेला तो निःश्वास आहे. जू उतरले की बैलही श्वास सोडतो. म्हणून त्याने काम चुकवले असे कोणी म्हणत नाही.

दुसरी टोचणी औषधांची असते. "मॉर्फिन दिले म्हणून तर लवकर गेले नाहीत ना? मोठ्या इस्पितळात न्यायला हवे होते का?" या बाबतीत पवित्र सभेची शिकवण स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली वैद्यांना सांगितले की, वेदना शमविण्यासाठी योग्य प्रमाणात औषध देणे गैर नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही तेच आहे. आणि ज्या उपचारांचा भार मोठा व फळ अल्प, ते थांबविणे म्हणजे जीव घेणे नव्हे, असेही तेथे म्हटले आहे. शेवटच्या दिवसांत रोगी अन्न नाकारतो, ते शरीर मंदावल्यामुळे. आपण उपाशी ठेवले असे मानू नये.

खरा धोका पुढे आहे. मनातली ही टोचणी पैशाने फेडण्याचा प्रयत्न होतो. आजारपणात जमीन गहाण पडलेली असते, तरी महिन्याच्या मिस्सेला गावजेवण घातले जाते, कर्ज काढून संगमरवरी थडगे बांधले जाते. लोक काय म्हणतील, ही भीती मी समजू शकतो. दुःखात एकत्र जेवणे चांगलेही आहे. परंतु जेवणाच्या पंगतीने मिस्सेची कृपा वाढत नाही. आजारपणात ज्यांनी आपल्या गुरांचे चारापाणी पाहिले, त्या दोन-चार घरांना साधे जेवण घाला. उरलेला पैसा बियाण्याला ठेवा. मुलाने सावकाराच्या दारी उभे राहावे, असे कोणत्या बापाला वाटेल?

जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी अवश्य वाचावा. त्यात आधी वैद्याचा मान सांगितला आहे, मग मृतासाठी अश्रू ढाळावेत, पण शोकाने स्वतःला खचू देऊ नये असे सांगितले आहे, आणि पुढे नांगर धरणारा शेतकरी येतो. औषध, अश्रू आणि नांगर एकाच अध्यायात आहेत. तेव्हा रडावे; बेथानीला प्रभू येशूही रडला. पण वाफसा आला की पेरणीही करावी. त्याने मृताचा अपमान होत नाही.

ज्यांनी सेवा केली त्यांनी आता स्वतःचा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. झोप आणि जेवण वेळेवर घ्यावे. दारूने झोप आणू नये. सहा महिन्यांनंतरही दुःख तेवढेच तीव्र राहून कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबू नये. २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि शेजाऱ्यांनो, दफनाच्या दिवशी आपण सारे जमतो. तिसऱ्या महिन्यात त्या घरी कोणी फिरकत नाही. तेव्हा जा. एक दिवस त्यांच्या शेतात भांगलण करा आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोला.