राग म्हणजे गोळी नव्हे

अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, गर्भवतीने अमुक सीडी लावली की मूल हुशार निघते, असे दावे आपल्याकडे छातीठोकपणे केले जातात आणि पुराव्यादाखल ‘मोझार्ट परिणामा’चे नाव घेतले जाते. तो पुरावा मुळातून पाहावा. १९९३ साली फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये छापलेल्या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. १० मिनिटे मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकल्यावर त्यांनी आकृत्यांची कोडी अधिक चांगली सोडवली. हा फरक पाव तासात ओसरला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरीही १९९८मध्ये जॉर्जियाच्या राज्यपालांनी नवजात बालकांना अभिजात संगीत पुरवण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे ग्लेन शेलेनबर्ग यांच्या प्रयोगात स्टीफन किंगची कथा ज्यांना अधिक भावली, त्यांची कामगिरी कथा ऐकूनच सरस ठरली. करामत मोझार्टची नव्हती. मन प्रसन्न आणि जागे होण्याची होती.

यावरून कोणी ‘मग संगीत नुसती करमणूक’ म्हणेल, तर तेही मला मान्य नाही. २०११मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवले की अंगावर काटा आणणारे संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवते, आणि तो आनंदाचा क्षण येण्याआधी, त्याची नुसती चाहूल लागतानाही स्रवते. तिहाई सुरू होताच समेकडे झुकणारी श्रोत्यांची मान आठवा. पण ही वाट पाहणे ओळखीतून येते. ज्याला सम ठाऊकच नाही, तो कशाची वाट पाहणार? त्या प्रयोगातले संगीत श्रोत्यांनी स्वतः निवडलेले होते. २००८च्या हेलसिंकीतील अभ्यासातही पक्षाघाताच्या रुग्णांनी दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकले. त्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता ध्वनिपुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. गुण केवळ सुरांत नसतो, ऐकणाऱ्याशी जुळलेल्या त्यांच्या नात्यात असतो, म्हणून सर्वांना लागू पडणारी रागांची यादी करताच येत नाही.

‘पण ऐकून नुकसान तर नाही ना?’ ऐकण्याने नाही. यादीवर विसंबून औषध थांबवले, तर मात्र आहे. शिवाय गुण न आलेला रुग्ण स्वतःलाच दोष देतो, हे मला अधिक क्रूर वाटते. नैराश्यातही संगीतोपचाराचा लाभ दिसला आहे, तो नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. तेव्हा रुग्णाच्या उशाशी गाणे लावण्याआधी त्याला विचारा, भजन हवे, लावणी हवी की जुने चित्रपटगीत. आणि त्याची गोळी वेळेवर द्या.