फोटोपुरतेच नव्हे



‘सर्वधर्मीय मदतकार्य म्हणजे व्यासपीठावरचा फोटो’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला निम्मेच पटते. शाल-श्रीफळाचे असले सोहळे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. पण केरळचे काय?

ऑगस्ट 2018च्या महापुरात थ्रिसूर जिल्ह्यातील माळाजवळची मशीद पाण्याखाली होती. बकरी ईद आली, तेव्हा शेजारच्या देवळाने आपले सभागृह नमाजासाठी उघडून दिले. पुढच्याच वर्षी मलप्पुरममधील कवळप्पारा येथे दरड कोसळली. मृतदेह हाती लागू लागले, पण शवविच्छेदनाची सोय असलेले रुग्णालय लांब. जवळच्या पोथुकल्लच्या मशीद समितीने नमाजाची जागा त्यासाठी मोकळी केली. मदरशातली टेबले आणून मांडली, वजूच्या (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या) जागेचे पाणी धुण्यापुसण्याला वापरले. आलेल्या मृतदेहांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमानही होते. त्या शुक्रवारची नमाज बस स्थानकात झाली. यात फोटोची हौस कुठे दिसते?

आपल्याकडे इचलकरंजीत 2020च्या रमजानमध्ये मुस्लिम समाजाने 36 लाख रुपये जमवून सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. पैसा एका समाजाचा, खाटा सर्वांसाठी. (उद्घाटनाचा फोटो इथे निघाला, हे कबूल!)

‘ही कामे सरकारची’ असेही पत्रलेखक म्हणतात. पोथुकल्लला सरकारी डॉक्टर आलेच होते. त्यांना छप्पर हवे होते.

— एक वाचक, मिरज