कार्बनची चाके : सहा सेकंदांची किंमत



डोंगरवाटांवर चालवण्याच्या सायकली, म्हणजे माउंटन बाइक, आता आपल्याकडेही बऱ्याच दिसू लागल्या आहेत. तुमच्यापैकी काही जणांकडे त्या असतील, काही जण त्यासाठी घरी हट्ट धरून बसले असतील. या सायकलींच्या जगात सध्या एका वस्तूचा मोठा बोलबाला आहे, ती म्हणजे कार्बनची चाके. ती बसवली की सायकल हलकी होते, चढ सोपा होतो आणि वेग वाढतो, असे सांगितले जाते. किंमत मात्र छाती दडपून टाकणारी असते. ॲल्युमिनियमच्या चांगल्या चाकांच्या जोडीपेक्षा कार्बनची जोडी दुप्पट ते चौपट महाग पडते, आणि आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या नामांकित जोडीची किंमत लाखाच्या घरात जाते.

सुटीच्या दिवशी मौजेसाठी सायकल चालवणाऱ्या हौशी माणसाने एवढे पैसे खर्च करावेत काय? माझे मत आधीच सांगून टाकतो : करू नयेत. परंतु शिक्षक म्हणतो म्हणून ते मान्य करू नका. तुमच्या पाठ्यपुस्तकातील दोन सूत्रे आणि कागद-पेन्सिल एवढ्या सामग्रीवर हा प्रश्न तुम्हाला स्वतःच सोडवता येतो.

कार्बनमध्ये विशेष काय?

प्रथम कार्बनची बाजू प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. ही चाके शुद्ध कार्बनची नसतात. कार्बनचे अतिशय बारीक तंतू, माणसाच्या केसाच्या सुमारे एक दशांश जाडीचे, इपॉक्सी रेझीनमध्ये बसवून साच्यात घट्ट केले जातात. अशा पदार्थाला संमिश्र द्रव्य म्हणतात. मातीत भुसा किंवा गवत मिसळून विटा करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. बहुधा चाकाची फक्त रिम, म्हणजे बाहेरची कडी, कार्बनची असते. आरे पोलादाचे आणि मधला हब ॲल्युमिनियमचा असतो.

कार्बन तंतूचा ताठपणा लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असतो आणि घनता मात्र दोन तृतीयांशच. रेझीन मिसळल्यावर आणि तंतू निरनिराळ्या दिशांनी रचल्यावर हा फायदा बराच कमी होतो, तरीही पुष्कळ उरतो. म्हणून कार्बनची रिम हलकी आणि ताठ होते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ‘हलकी, पण किती?’ हा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही जाहिरातीला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती?’ हाच असतो.

दोन्ही चाके मिळून सर्वसाधारणपणे ३०० ग्रॅमची बचत होते असे धरू. कधी ती थोडी कमी असते, कधी थोडी जास्त.

एक चढ चढून पाहू

गणितासाठी एक खरी टेकडी घेऊ. माउंटन बाइकचा खेळ जिथे रूपाला आला, तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा मरीन परगणा. तेथील फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा रस्ता आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी त्या रस्त्यावरून खाली उतरण्याची शर्यत लावली. त्यांच्या सायकली होत्या जुन्या, जाड टायरच्या आणि वजनाने भारी. पेडल उलटे दाबले की मागच्या हबमधला ब्रेक लागे. उतार संपेपर्यंत तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात, म्हणून त्या रस्त्याचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्याची लांबी सुमारे ३,४०० मीटर आणि दोन टोकांच्या उंचीतील फरक सुमारे ४०० मीटर आहे.

आपण हीच वाट खालून वर चढत आहोत असे समजा. स्वार ७५ किलोग्रॅम आणि सायकल १५ किलोग्रॅम, मिळून ९० किलोग्रॅम. उंचावर जाण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. ९० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे सुमारे ३,५३,००० ज्यूल. नियमित व्यायाम करणारा हौशी स्वार सतत २०० वॅट, म्हणजे दर सेकंदाला २०० ज्यूल, शक्ती देतो असे धरू. घर्षण आणि हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवला, तर चढाला १,७६४ सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस मिनिटे लागतील.

आता कार्बनची चाके बसवा. वाचलेल्या ०.३ किलोग्रॅमसाठी ०.३ गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे १,१७६ ज्यूल कमी लागतील. त्यांना २०० ने भागा. उत्तर येते सहा सेकंदांपेक्षाही थोडे कमी. जवळपास अर्ध्या तासाच्या चढात सहा सेकंद! कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या किमतींतील फरक साठ हजार रुपये धरला, तर एका सेकंदाला दहा हजार रुपये मोजावे लागले. आणि वाटेत बाटलीतले ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर सायकल तेवढीच हलकी होते, तीही फुकटात!

‘पण चाक फिरते ना!’

येथे एखादा जाणकार हात वर करील. तो म्हणेल, “सर, फिरणाऱ्या भागाचे वजन दुप्पट धरावे लागते!” आक्षेप चांगला आहे, आणि अर्धा बरोबरही आहे. तो अर्धा भाग कोणता, हे नीट पाहू.

सायकल धावते तेव्हा रिम दोन कामे करते : पुढे सरकते आणि स्वतःभोवती फिरते. पुढे सरकण्याची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मी. रिमचे जवळजवळ सगळे वस्तुमान कडेला असल्याने फिरण्याची ऊर्जाही जवळजवळ तितकीच येते. म्हणून सायकलचा वेग वाढवताना रिमचा एक ग्रॅम सुमारे दोन ग्रॅमइतका भारी पडतो. परंतु हे फक्त वेग वाढवताना. स्थिर वेगाने चढ चढताना रिमचा ग्रॅम हा एकच ग्रॅम असतो. गुरुत्वाकर्षणाला चाक फिरते आहे की नाही, याच्याशी काही कर्तव्य नाही.

वेग वाढवतानाचा हिशेबही करू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ३०० ग्रॅम रिमला थांबलेल्या स्थितीतून या वेगाला आणायला, दुप्पट धरूनही, ०.३ गुणिले २५ म्हणजे ७.५ ज्यूल लागतात. लिटरभर पाण्याने भरलेली बाटली जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. स्वारासह सगळ्या सायकलला याच वेगाला आणायला ११०० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा लागते. म्हणजे बचत दीडशेत एक. वाटेत पन्नास वेळा थांबून पुन्हा निघालात, तरी एकूण बचत ३७५ ज्यूल, म्हणजे दोन सेकंदांच्याही आतली मेहनत. ‘दुप्पट’ हा शब्द कानाला मोठा वाटतो, पण लहान संख्येची दुप्पट लहानच राहते.

खरी बचत कोठे आहे?

आता बाजूला ठेवलेले घर्षण परत आणू. खडकाळ वाटेवर टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि त्यात ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. कच्च्या रस्त्यावर हा विरोध एकूण वजनाच्या दोन टक्के धरला, तर तो सुमारे १७.६ न्यूटन होतो. ३,४०० मीटरसाठी त्याचे कार्य झाले सुमारे ६०,००० ज्यूल. योग्य टायर निवडून आणि त्यात योग्य दाबाची हवा भरून हा विरोध समजा दहा टक्क्यांनी घटला, तर ६,००० ज्यूल वाचले. म्हणजे तीस सेकंद! कार्बनच्या पाचपट फायदा, आणि खर्च फार तर टायरची नवी जोडी व हवेचा दाब मोजणारा एक साधा गेज.

ताठपणाचेही तसेच आहे. दगडावरून जाताना टायर सेंटिमीटरभर सहज दबतो, पण रिम मिलिमीटरभरही दबत नाही. नरम आणि ताठ अशा दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडल्या, तर धक्का बहुतेक सारा नरम स्प्रिंगच सोसते. तेव्हा ताठ रिमचा गुण हौशी स्वाराला फारसा जाणवत नाही. अतिताठ चाक खडबडीत उतारावर हातांना अधिक हादरे देते, अशीही तक्रार असते. उताराच्या शर्यतीतील काही अव्वल स्पर्धक ॲल्युमिनियमची रिमच पसंत करतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुरुस्तीचाही विचार हवा. ॲल्युमिनियमची रिम दगडावर आपटली तर बहुधा वाकते किंवा तिला पोचा पडतो. गावातला सायकल दुरुस्तीवाला आरे कमी-जास्त कसून चाकाचा आऊट काढून देतो आणि काम भागते. कार्बनची रिम सहसा वाकत नाही. मर्यादेपर्यंत ती ॲल्युमिनियमपेक्षाही चांगला टिकाव धरते, पण मर्यादा ओलांडली की तिला तडा जातो. तडा गेलेल्या रिमवर डोंगर उतरणे धोक्याचे, म्हणून ती बदलावीच लागते. काही उत्पादक यासाठी हमी देतात. २०१७ साली सांता क्रूझ कंपनीने आपल्या कार्बन चाकांना पहिल्या मालकापुरती आजीवन हमी दिली होती. ही गोष्ट चांगलीच आहे, पण नवी रिम येईपर्यंत सायकल घरात उभी राहते. शिवाय ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. रेझीनमध्ये घट्ट झालेले तंतू वेगळे करणे फार कठीण असते.

मग ही चाके कोणासाठी?

ज्याला सेकंदाची किंमत आहे, त्याच्यासाठी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत घ्या. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने ती सुमारे एक तास २६ मिनिटांत जिंकली. दुसरा आलेला फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की अवघे नऊ सेकंद मागे होता. जेथे सुवर्ण आणि रौप्य यांत नऊ सेकंदांचे अंतर असते, तेथे सहा सेकंद म्हणजे मोठी दौलत. पण त्याच शर्यतीत पिडकॉकचा टायर पंक्चर झाला होता आणि त्यात त्याचे अर्ध्या मिनिटाहून अधिक नुकसान झाले, हेही लक्षात ठेवा. ऑलिंपिकमध्येसुद्धा टायरचे महत्त्व रिमपेक्षा कमी नाही! १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने सायकलच्या चाकाला हवेचा टायर बसवला. चाकातली ती फार मोठी सुधारणा होती, आणि तिच्यातला मुख्य माल फुकटची हवाच होता.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. मान्य आहे. स्वतःच्या कमाईतून कोणी सुंदर वस्तू म्हणून ही चाके घेतली, तर त्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र हौसेला विज्ञानाचे नाव देऊ नये. आणि आई-वडिलांकडे हट्ट धरताना तर मुळीच नाही. घरातले पैसे मोजके असतात. त्यातून आधी चांगले हेल्मेट, खात्रीचे ब्रेक आणि चांगले टायर घ्यावेत. उरलेल्या पैशांत बसचे तिकीट काढून दर रविवारी नव्या डोंगराकडे जावे. पन्नास रविवारांचा सराव जो वेग देईल, तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता एक प्रयोग करून पाहा. तुमची साधी सायकलही चालेल. वाहने नसलेल्या मैदानात, छोट्या उताराच्या माथ्यावर ठरावीक खूण करा. हेल्मेट घालून, पेडल न मारता तेथून सायकल सोडा आणि ती किती दूर जाऊन थांबते ते मोजा. मग टायरमधली थोडी हवा कमी करून पुन्हा मोजा. त्यानंतर हवा पूर्ववत करून सायकलला ३०० ग्रॅमची पिशवी बांधा आणि पुन्हा मोजा. प्रत्येक मापन पाच वेळा करून सरासरी काढा. कोणत्या बदलाने अंतर अधिक बदलले, ते वहीत लिहून ठेवा. पुढे एखादा विक्रेता चाकाचे गुण सांगू लागला, तर ती वही उघडा आणि त्याला नम्रपणे एवढेच विचारा : किती?