कापूस की क्रेप बँडेज?

प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर प्रथमोपचाराची एक पेटी लटकत असते. कधीतरी उघडून बघा. कापूस, जंतुनाशकाची बाटली, चिकटपट्ट्या आणि फार तर गॉजची एक गुंडाळी! कुणाचा हात कापला की सगळ्यात आधी ओढला जातो तो कापूस. माझं स्पष्ट मत आहे, की वाहत्या रक्तासाठी या पेटीतली सगळ्यात कुचकामी वस्तू तीच.

का? कारण जोरात येणारं रक्त टिपायचं नसतं, दाबून थांबवायचं असतं. कापूस भिजला की त्याचा लगदा होतो आणि तंतू जखमेला चिकटतात. गॉजची जाड घडी मात्र जागेवर राहते आणि तळहाताचा दाब नेमका जखमेवर पोचवते.

पण हात किती वेळ दाबून धरणार? मग पट्टी आली, आणि इथे आपला अभ्यासक्रम कामाला येतो. थिन सिलिंडरचं सूत्र आपण वायवापुरतं घोकतो. तेच इथे लावा: दाब म्हणजे ताण गुणिले थर, भागिले त्रिज्या गुणिले रुंदी. १० सेंमी रुंद पट्टी १० न्यूटनने ओढून ३ सेंमी त्रिज्येच्या मनगटावर गुंडाळली, तर एका थराचा दाब साधारण २५ मिमी पारा. ६ सेंमी त्रिज्येवर तोच निम्मा! म्हणजे मांडीला जास्त वेढे हवेत.

आता मटेरियलचा प्रश्न. साधी गॉजपट्टी ताणली जात नाही. ती जरा सरकली, की ताण गेला आणि दाबही गेला. क्रेप बँडेज स्प्रिंगसारखं वागतं, थोडं सैल झालं तरी बराचसा ताण टिकवतं. पण तेच जास्त ओढलं तर रक्तपुरवठा तोडतं. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली तर लगेच सैल करा.

केओलिन लावलेला, रक्त गोठवणारा गॉजही मिळतो. चांगला आहे, पण महाग आहे, आणि त्यालाही वरून दाब लागतोच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पेटीत निर्जंतुक गॉजच्या घड्या आणि १० सेंमीची दोन क्रेप बँडेजेस ठेवा, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला ती बांधायला शिकवा. घडी उचलून "थांबलं का?" बघायचं नाही, आणि जखमेत काही रुतलं असेल तर त्यावर दाबायचं नाही, हेही सांगा. जॉब बिघडला तर दुसरा करता येतो, मित्रांनो. बोटांचं तसं नाही.